एकच कोड, तीन कारणं: घोडबंदर रोडवरच्या एका वॉशिंग मशीनचं प्रकरण

ठिकाण ठाणे, घोडबंदर रोड. सात मजल्यांची जुनी सोसायटी आणि फ्लॅट सगळ्यात वरचा. मशीन सात किलोचं फ्रंट लोड, सहा वर्षं वापरातलं, ड्राय बाल्कनीत ठेवलेलं, थंड पाण्याचा एकच इनलेट (पाणी आत येण्याची जागा). तक्रार अशी: मशीन लावलं की दार लॉक होतं, पाणी येण्याचा आवाज येतो आणि सात-आठ मिनिटांनी डिस्प्लेवर एक उभी रेघ व तिच्यापुढे इंग्रजी ई दिसतो. मग मशीन बीप करत थांबतं. सकाळी लावलं तर बहुतेक वेळा कपडे धुऊन निघतात, संध्याकाळी लावलं तर अडकतं.

पुढच्या महिन्याभरात या घरात हाच कोड तीन वेगवेगळ्या कारणांनी आला, आणि मधल्या मधे एक धडधाकट व्हॉल्व बदलला गेला. पहिल्याच दिवशी एक बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ घेऊन तपासलं असतं तर तो खर्च वाचला असता. कोडवरून थेट पार्टकडे उडी मारण्याची सवय किती महागात पडते, ते या प्रकरणात टप्प्याटप्प्याने दिसतं.

ती रेघ की एक?

घरच्यांनी डिस्प्लेवरची अक्षरं 'वन ई' अशी वाचली, मोबाइलवर तशीच शोधली आणि उत्तर मिळालं: वॉटर लेव्हल सेन्सर खराब. उत्तर खोटं नव्हतं, फक्त ते दुसऱ्या कंपनीच्या मशीनचं होतं.

या डिस्प्लेवर प्रत्येक अक्षर सात छोट्या रेघांतून बनतं. त्यात इंग्रजी एक आणि आय यांत फरक करता येत नाही, पाच आणि एस यांतही नाही. या घरातलं मशीन एलजीचं. एलजीवर उभी रेघ आणि ई म्हणजे 'आयई', अर्थात पाणी ठरलेल्या वेळेत भरलं नाही. सॅमसंगवर तशीच दिसणारी आकृती म्हणजे 'वन ई', आणि तिथे तो पाण्याची पातळी मोजणाऱ्या सेन्सरचा कोड आहे. सॅमसंगला पाणी न येण्याची तक्रार करायची असते तेव्हा ते '४ई' किंवा '४सी' दाखवतं, बॉश 'ई१७' दाखवतं. म्हणून कोड शोधताना कंपनीचं नाव सोबत लागतंच, आणि मॉडेल नंबर असला तर उत्तम. फ्रंट लोडमध्ये हा नंबर बहुधा दाराच्या आतल्या कडेला किंवा मशीनच्या मागच्या स्टिकरवर असतो. फोनवर तक्रार नोंदवताना तोंडी कोड सांगण्यापेक्षा डिस्प्लेचा फोटो पाठवावा.

मशीन काय मोजतं

नळातून पाणी किती जोरात येतंय, हे बहुतेक घरगुती मशीनना कळत नाही. टबच्या तळाशी हवेचा एक छोटा कप्पा असतो, त्यातून एक बारीक नळी वर प्रेशर सेन्सरपर्यंत जाते. टबात पाणी चढलं की कप्प्यातली हवा दाबली जाते आणि त्या दाबावरून सेन्सर पातळी ओळखतो. कंट्रोल बोर्ड पाणी आत सोडणाऱ्या इनलेट व्हॉल्वला वीज देतो, घड्याळ सुरू करतो आणि वाट पाहतो. अनेक मॉडेलांत साधारण आठ मिनिटांत पातळी ठरलेल्या खुणेपर्यंत चढली नाही की इनलेटचा कोड येतो.

म्हणजे या कोडचा खरा अर्थ एवढाच: वेळ संपली, पातळी चढलेली दिसली नाही. पाणी आलंच नसेल, आलं पण हळू आलं असेल, आलं आणि तेवढंच निघून गेलं असेल, किंवा नीट भरलं पण सेन्सरला कळलं नसेल. चारही परिस्थितींत डिस्प्लेवर अक्षरं तीच. व्हॉल्व उघडणारी विजेची कॉइल जळणं हे यातल्या पहिल्या परिस्थितीचं अनेकांपैकी एक कारण आहे, त्यामुळे तो पार्ट पहिल्याच फेरीत बदलण्याला आधार नसतो.

हा कोड त्रासदायक वाटला तरी तो मशीनच्या भल्यासाठी आहे. पाण्याची पातळी पटल्याशिवाय मशीन हीटर चालू करत नाही, त्यामुळे हीटर कोरडा तापत नाही. प्लग काढून दोन मिनिटांनी पुन्हा लावला की कोड जातो, पण त्याने फक्त घड्याळ शून्यावर येतं. मूळ कारण तसंच राहतं.

पहिली फेरी: व्हॉल्व बदलला, खरं काम जाळीने केलं

आलेल्या मेकॅनिकने कोड बरोबर ओळखला, सेन्सरला हात लावला नाही, ही त्याची जमेची बाजू. मशीन पुढे ओढून त्याने इनलेट व्हॉल्व बदलला, मशीन चालू केलं, ड्रममध्ये पाणी पडताना दाखवलं आणि बिल घेऊन गेला. पाणी खरोखरच आधीपेक्षा जोरात येत होतं.

काढलेला व्हॉल्व घरच्यांनी मागून घेतला होता, म्हणून पुढचं कळलं. मल्टिमीटरवर त्याच्या कॉइलचा रोध ३.९ किलो-ओहम आला. २२०-२४० व्होल्टच्या अशा व्हॉल्वला साधारण ३ ते ५ किलो-ओहम यायला हवा, कॉइल जळली असेल तर मीटर काहीच दाखवत नाही. म्हणजे कॉइल ठीक होती. बिघाड होता तोंडाशी बसवलेल्या प्लॅस्टिकच्या जाळीत. तिच्या निम्म्याहून जास्त भोकांत वाळू, गंजाचे पापुद्रे आणि टेफ्लॉन टेपचा एक तुकडा अडकला होता. आठवडाभरापूर्वी गच्चीवरची टाकी साफ झाली होती. सफाईनंतर लाइनमध्ये सोडलेल्या पहिल्या पाण्यासोबत तळाचा गाळ खाली येतो आणि सगळ्यात बारीक गाळणी वॉशिंग मशीनचीच असते. नवा व्हॉल्व म्हणजे नवी, कोरी जाळी. पाणी वाढलं ते तिच्यामुळे.

जाळी साफ करायला मशीन उघडावं लागत नाही. प्लग काढायचा, कॉक बंद करायचा, खाली फडका आणि टमरेल ठेवायचं, कारण पाइपातलं पाणी सांडतंच. मशीनच्या मागचा इनलेट पाइप हाताने उलटा फिरवून काढायचा. आत छोटी जाळी दिसते, तिच्या मधोमध एक बोंडी असते. ती नोज प्लायरने धरून सरळ बाहेर ओढायची, वाकडी ओढली तर जाळी फाटते. जुन्या टूथब्रशने उलट्या बाजूने घासून नळाखाली धुवायची. पांढरे खरखरीत थर असतील तर ते क्षार आहेत. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असलेल्या सोसायट्यांत ते हटकून दिसतात. कोमट पाण्यात थोडं लिंबूसत्व घालून अर्धा तास भिजवलं की सुटतात. काही पाइपांना नळाच्या टोकालाही वायसरमध्ये जाळी असते, तीही बघावी. जाळी कधीही कायमची काढून टाकू नये. वाळूचा एक कण व्हॉल्वच्या पडद्याखाली बसला की व्हॉल्व पूर्ण मिटत नाही आणि मशीन बंद असतानाही टबात पाणी ठिबकत राहतं.

पाइप परत बसवताना वायसर जागेवर आहे ना पाहावं, हाताने घट्ट करावं आणि मग फार तर पाव आटा जास्त. प्लॅस्टिकच्या आट्यांवर टेफ्लॉन गुंडाळू नये. तिथे पाणी वायसर अडवतो, टेपचे तुकडे मात्र जाळीत जाऊन बसतात.

दुसरी फेरी: पाणी आलं आणि वाहून गेलं

त्याच संध्याकाळी कोड परत आला. दुसऱ्या दिवशी सकाळीही आला, आणि याच गोष्टीकडे सगळ्यांचं दुर्लक्ष झालं. आधी सकाळी मशीन चालायचं, आता तेही बंद. तक्रारीची पद्धत बदलली की कारण बदलल्याची शंका घ्यावी, कोड तोच असला तरी.

मेकॅनिकला पुन्हा बोलावण्याआधी घरच्यांनी एक साधी गोष्ट केली. मशीन चालू करून ड्राय बाल्कनीतल्या फ्लोअर ट्रॅपजवळ (लादीतल्या सांडपाण्याच्या तोंडाजवळ) उभं राहून पाहिलं. मशीन पाणी घेत होतं आणि त्याच वेळी आउटलेट पाइपातून ते बारीक धारेने ट्रॅपच्या जाळीवर पडत होतं.

ड्रेन पंपाला वाट अडवणारी झडप असतेच असं नाही. टबातलं पाणी बाहेर जाऊ नये म्हणून आउटलेट पाइप मशीनच्या मागे वर चढवून क्लिपमध्ये अडकवलेला असतो. पाइपाचा सगळ्यात उंच भाग जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटीमीटरवर राहायला हवा. टबातली पातळी त्याच्या बरीच खाली असते, म्हणून पंप चालू झाल्याशिवाय पाणी ती चढण चढत नाही. व्हॉल्व बदलायला मशीन ओढलं तेव्हा पाइप क्लिपमधून निसटला आणि लादीवर आडवा पडला. मग जेवढं पाणी वरून येत होतं तेवढं खालून जात होतं, पातळी चढत नव्हती, आणि आठ मिनिटांनी मशीनने नेमकी तीच तक्रार केली.

पाइप क्लिपमध्ये परत बसवला आणि वर एक केबल टाय मारला. खर्च शून्य. आपल्याकडे ड्राय बाल्कनीत पाइप थेट ट्रॅपमध्ये सोडण्याची पद्धत आहे, त्याला हरकत नाही, पण आधी वर चढून मग खाली येणारी कमान ठेवलीच पाहिजे. पाइपाचं टोक ट्रॅपच्या भोकात फडके कोंबून हवाबंद करू नये आणि फार खोलही घालू नये. तसं केलं तर पंपाने एकदा पाणी बाहेर टाकायला सुरुवात केली की नंतर ते आपोआप ओढलं जाण्याची शक्यता असते.

चाचणी घेतानाचा एक नियम इथूनच निघतो. ड्रममध्ये पाणी पडताना दिसणं पुरेसं नाही. पाणी भरून, व्हॉल्व बंद होऊन, ड्रम फिरायला लागेपर्यंत थांबायचं. रिपेअरिंगनंतर मेकॅनिकलाही तेवढा वेळ थांबवून घ्यायचं.

तिसरी फेरी: बादली आणि घड्याळ

यानंतर दोन आठवडे सुरळीत गेले. मग शनिवार-रविवारी संध्याकाळी पुन्हा कोड, तोही ड्रम भरलेला असतानाच. जाळी स्वच्छ, आउटलेट पाइप क्लिपमध्ये. आता पाण्याचा जोर मोजल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नव्हता.

मोजायची रीत अशी. इनलेट पाइप मशीनपासून सोडवायचा, कॉककडचं टोक तसंच ठेवायचं. पाइपाचं मोकळं टोक मशीनच्या इनलेटच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण ८५ सेंटीमीटरवर धरायचं आणि तिथून पाणी १० लिटरच्या बादलीत सोडायचं. टोक खाली बादलीच्या तळाशी नेलं तर आकडा फसवा येतो. वरच्या मजल्यावर मुळात तीन-चार मीटर उंचीच्या पाण्याचाच दाब असतो, त्यात पाऊण मीटर फुकट वाढतो. कॉक पूर्ण उघडायचा आणि वेळ लावायची.

सकाळी सात वाजता बादली १ मिनिट १५ सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला ८ लिटर. संध्याकाळी साडेसातला ४ मिनिटं १० सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला जेमतेम २.४ लिटर. सात किलोच्या फ्रंट लोडला पहिल्या भरणीत, कपडे पितात ते धरून, ढोबळमानाने १५ लिटर पाणी लागतं. आठ मिनिटांत १५ लिटर म्हणजे मिनिटाला किमान २ लिटर, आणि तेही जाळी व व्हॉल्व यांतून गेल्यावर. मोकळ्या पाइपालाच २.४ असतील तर व्हॉल्वमधून त्याहून कमी येणार. कपडे थोडे असले तर निभतं, ड्रम भरला की वेळ पुरत नाही. कोड फक्त भरलेल्या ड्रमवर का यायचा, याचं उत्तर या हिशोबात आहे.

व्हॉल्वची रचनाही इथे आड येते. त्यातला रबरी पडदा नुसत्या विजेवर उचलला जात नाही. कॉइल एक बारीक छिद्र उघडते आणि पडदा पाण्याच्याच दाबाने उचलला जातो. दाब फार कमी असेल तर पडदा अर्धवट उघडतो, आणि बंद होतानाही नीट बसत नाही. बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तिकांत किमान दाब ०.३ ते ०.५ किलो प्रति चौरस सेंटीमीटर असा दिलेला असतो. पाण्याचा १० मीटर उंचीचा स्तंभ म्हणजे साधारण १ किलोचा दाब. या फ्लॅटचा हिशोब मांडला तर टाकीचा तळ गच्चीपासून एक मीटर वर आणि गच्चीपासून मशीनच्या इनलेटपर्यंत सव्वादोन मीटरच्या आत. टाकी रिकामी होत आली की सव्वातीन मीटर, म्हणजे ०.३ किलो. टाकीत दीड मीटर पाणी असलं की साधारण ०.४७. म्हणजे हा फ्लॅट कायमच काठावर. चौथ्या मजल्यावर याच मशीनला नऊ मीटर जास्त मिळतात, तिथे हा कोड बहुधा कधी दिसणारच नाही.

पण एवढ्याने हिशोब पुरा होत नाही. टाकीतली पातळी दीड मीटरने उतरली तर धार साधारण पाचव्या हिश्श्याने कमी व्हायला हवी. इथे ती ८ वरून २.४ वर आली होती. टाकीपासून नळापर्यंतच्या वाटेत कुठेतरी अडथळा होता. संध्याकाळी खालचे सहा मजले एकाच वेळी पाणी घेतात. वाटेत चोंदलेली जागा असली की सगळ्यात जास्त मार वरच्या मजल्याला बसतो, कारण खालच्यांना उंचीचा आधार असतो.

खरं तर याचा सुगावा आधीच लागला होता. संध्याकाळी भांड्यांना येणाऱ्या मावशी दोनदा म्हणाल्या होत्या, "काकू, तुमच्या सिंकची धार बारीक झालीय हो, भांडी विसळायला वेळ लागतो." बाथरूमचं पाणी जोरात होतं, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. अशा इमारतींत बाथरूमची आणि किचनची उतरती लाइन अनेकदा वेगळी असते, आणि ड्राय बाल्कनीचा कॉक बहुधा किचनच्या लाइनवर असतो. दुसऱ्या लाइनवरचा नळ बघून पाण्याला जोर आहे असं ठरवता येत नाही.

सोसायटीच्या प्लंबरला घेऊन गच्चीवर गेल्यावर किचन लाइनचा गेट व्हॉल्व पाहिला. "चालूच आहे साहेब, सफाईच्या दिवशीच उघडलाय," तो म्हणाला. चाक हाताने फिरवून पाहिलं तर आणखी सहा आटे उघडलं. गेट व्हॉल्वचं हेच आहे: दोन-तीन आटे दिले की पाणी सुरू होतं आणि उघडला असं वाटतं, पण आतली पाचर अजून अर्ध्या वाटेवर असते. चाक शेवटपर्यंत फिरवायचं आणि मग पाव आटा मागे घ्यायचा, म्हणजे पुढच्या वेळी ते जाम होत नाही.

त्याच संध्याकाळी साडेसातला बादली १ मिनिट ५० सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला साडेपाच लिटर. भरलेला ड्रम लावला, पाणी चार मिनिटांच्या आत भरलं. कोड परत आला नाही.

बूस्टर पंपाचा विषय या घरातही निघाला होता. वरच्या मजल्यावर कधीकधी तो खरोखर लागतो, पण गच्चीवरचा व्हॉल्व, घरातला अँगल कॉक आणि जाळी तपासून, बादलीचा आकडा हातात आल्यावरच. टाकीतून उतरणाऱ्या लाइनवर, सोसायटीला विचारून, फ्लो स्विचवाला (पाणी वाहू लागलं की आपोआप सुरू होणारा) छोटा इनलाइन पंप चालतो. महापालिकेच्या लाइनला थेट पंप लावून पाणी ओढायला मनाई आहे.

एवढं करूनही कोड राहिला तर

आता वेळ मल्टिमीटरची, प्लग काढूनच. इनलेट व्हॉल्वच्या दोन पिनांवर रोध बघायचा. कॉइल ठीक असेल तर प्रेशर सेन्सरच्या नळीकडे वळायचं: तिला चीर गेलीय का, ती निसटलीय का, टबाकडच्या कप्प्यात साबणाचा लगदा बसलाय का. पावडर जास्त आणि सगळे वॉश थंड पाण्यात, अशा घरांत हा लगदा लवकर जमतो. पाणी काचेपर्यंत चढलेलं डोळ्यांना दिसतंय आणि तरी मशीन पाणी मागतंय, असं असेल तर नळाकडे न बघता थेट इथेच बघावं. कंट्रोल बोर्ड सगळ्यात शेवटी. तो सर्वांत महाग असतो आणि घरी उघडण्याजोगा नसतो.

बाकीचे कोडही याच नजरेने वाचता येतात. एलजीचा 'ओई', सॅमसंगचा '५ई' किंवा '५सी', बॉशचा 'ई१८' म्हणजे पाणी वेळेत बाहेर गेलं नाही. पंपाआधी खालच्या झाकणामागचा फिल्टर उघडावा, तिथे नाणी, हेअरपिना, लहान मुलांचे मोजे निघतात. उघडण्याआधी बाजूच्या बारीक नळीतून पाणी ताटलीत काढून घ्यावं. 'यूई' म्हणजे कपडे एका बाजूला गोळा झालेत किंवा मशीन डुगडुगतंय. 'सीएल' दिसला तर चाइल्ड लॉक लागलंय, बिघाड काहीच नाही.

सोसायटीच्या बोर्डावर टाकी सफाईची नोटीस लागली की आदल्या रात्री मशीनचा कॉक बंद करावा. सफाईनंतर पाणी सुरू झाल्यावर आधी सिंकचा नळ पाच मिनिटं मोकळा सोडून गढूळ पाणी जाऊ द्यावं, ते बादल्यांत धरलं तर लादी पुसायला चालतं. मग इनलेट पाइप मशीनपासून सोडवून त्यातलंही थोडं पाणी बादलीत काढावं आणि त्यानंतरच पाइप जोडावा. त्या संध्याकाळी एकदा बादली लावून वेळ बघावी. आकडा नेहमीपेक्षा वाढला असेल तर कोड येण्याची वाट न बघता प्लंबरला गच्चीवरचं चाक पूर्ण फिरवायला सांगावं.